व्यासपीठाविना परिषद

परिषद म्हटली की डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. उंच व्यासपीठ, त्यावर कापड घातलेले लांबट मेज, पाण्याचे पेले, पुष्पगुच्छ. आणि खाली रांगांनी मांडलेल्या खुर्च्या. दीपप्रज्वलन होते, स्वागतगीत होते, पाहुण्यांचा परिचय कधीकधी पाहुण्यांच्या भाषणाहूनही लांबतो. मग बीजभाषण, निबंधवाचन आणि वेळेअभावी आवरती घेतलेली प्रश्नोत्तरे. शेवटी आभार, ज्यांत मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत कोणीही सुटत नाही. खाली बसलेला माणूस सकाळी जे प्रश्न मनात घेऊन आलेला असतो, तेच संध्याकाळी घेऊन परत जातो. मात्र मधल्या सुटीत, चहाचा पेला हाती असताना, शेजारच्या तालुक्यातील कोणा समव्यवसायी माणसाशी दहा मिनिटे बोलणे झाले असेल, तर तेवढे त्याच्या पक्के स्मरणात राहते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांना तो मोठ्या किमतीने आला. ओवेन हे मूळचे एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक. पुढे ते संस्थांच्या कारभाराविषयी सल्ला देण्याच्या व्यवसायात शिरले. 1983 मध्ये त्यांनी संस्थांमधील परिवर्तन या विषयावर अडीचशे लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. तिच्या तयारीत त्यांचे एक संपूर्ण वर्ष खर्ची पडले. परिषद सर्वांना आवडली. परंतु सर्वांत उपयुक्त भाग कोणता झाला, हे विचारता बहुतेकांनी, खुद्द ओवेन यांनीही, एकच उत्तर दिले : कॉफीपानाची सुटी. ज्या एका गोष्टीची आखणी आयोजकांनी केली नव्हती, तीच काय ती फळाला आली होती! एखादा दुसरा आयोजक यावर रुसून बसला असता. ओवेन यांनी मात्र त्यातून निराळाच प्रश्न उचलला. साऱ्या परिषदेलाच त्या सुटीचा जिवंतपणा देता येईल काय?

उत्तर शोधताना त्यांना पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियामधले बालामा नावाचे लहानसे खेडे आठवले. पूर्वी छायाचित्रे घेण्याच्या कामानिमित्त ते तेथे राहिले होते आणि मुलांच्या वयात येण्याच्या संस्काराचा चार दिवसांचा उत्सव त्यांनी पाहिला होता. शेकडो माणसे, नाच, जेवणे, विधी, सर्व काही यथासांग पार पडले. पण त्यामागे कोणतीही नियोजन समिती असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले नाही. गावाची रचना वर्तुळाकार होती आणि मध्ये मोकळी जागा होती. नवी कल्पना आपल्याला मद्याचे दोन पेले रिचविताना सुचली, असे ओवेन पुढे प्रांजळपणे सांगत. तेव्हा तिला फार मोठ्या चिंतनाचे वलय देण्याचे कारण नाही.

1985 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे त्यांच्या परिषदमालेतील तिसरी परिषद भरली, तेव्हा पंचाऐंशी माणसे एका मोठ्या वर्तुळात बसली. त्यांच्या हाती कार्यक्रमपत्रिका नव्हती. समोरची भिंत कोरी होती. ज्याला काही विषय जिव्हाळ्याचा वाटत असेल, त्याने मध्यभागी यावे, तो एका कागदावर लिहावा, आपले नाव सांगून तो सर्वांना ऐकवावा आणि भिंतीवर वेळेच्या व खोलीच्या चौकोनात लावावा, एवढीच योजना होती. वर्षभराच्या पत्रव्यवहाराने जो कार्यक्रम पूर्वी तयार झाला होता, तसा तो या वेळी त्या लोकांनी स्वतःच, परिषदेच्या पहिल्या प्रहरातच, उभा केला. या पद्धतीला ओवेन यांनी जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘मोकळ्या अवकाशाचे तंत्र’ असा होतो. अशा सर्व प्रकारच्या मेळाव्यांना इंग्रजीत पुढे ‘अनकॉन्फरन्स’ हा काहीसा ओबडधोबड शब्द रूढ झाला. मराठीत ‘बिनव्यासपीठाची परिषद’ म्हटले, तर अर्थ पोचतो.

भिंतीवर कागद लावणे हे दिसते तितके सोपे नाही. जो कागद लावतो, तो एक जबाबदारी पत्करतो : नेमलेल्या वेळी त्या खोलीत हजर राहावयाचे, चर्चा सुरू करावयाची आणि ती टिपून ठेवण्याची तजवीज करावयाची. त्या विषयातला तो तज्ज्ञ असलाच पाहिजे, असे नाही. पुष्कळदा त्याच्यापाशी उत्तर नसते, म्हणूनच तो कागद लावतो. सामान्य परिषदेत अज्ञान झाकून ठेवावे लागते. येथे ते चारचौघांत उघड करणे हीच बोलावयास उभे राहण्याची पात्रता ठरते. हा फरक वरकरणी लहान वाटला, तरी सारी पद्धत त्यावर उभी आहे.

दुसरा नियम दोन पायांचा. ज्या चर्चेत आपण काही शिकत नाही आणि जिला काही देऊही शकत नाही, तेथून उठून आपल्याच पायांनी दुसरीकडे जावे. त्यात अपमान कोणाचाच मानावयाचा नाही. काही माणसे भुंग्यासारखी या खोलीतून त्या खोलीत फिरतात आणि इकडचा विचार तिकडे नेतात. काही फुलपाखरासारखी कोठेच न जाता व्हरांड्यात बसतात; त्यांच्याभोवतीही कधीकधी चांगले बोलणे जमते. आपल्याकडे वक्त्याच्या भाषणातून मधेच उठणे हा उद्धटपणा समजला जातो. म्हणून श्रोता देहाने बसून राहतो आणि मनाने केव्हाच घरी पोचलेला असतो. दोहोंपैकी वक्त्याचा अधिक अपमान कशाने होतो, हे एकदा कोणी तपासून पाहावयास हवे.

पहिली चार वर्षे ही पद्धत ओवेन यांच्या परिषदमालेपुरतीच राहिली. 1989 मध्ये ती बाहेर पडली : एकीकडे ड्यू पाँट कंपनीचे रसायनतज्ज्ञ तिच्या आधारे एका कृत्रिम धाग्याच्या भवितव्याचा विचार करावयास बसले, तर त्याच सुमारास भारतातही काही विद्वान आणि कारखानदारी क्षेत्रातले अधिकारी तिच्या साहाय्याने एकत्र आले. पुढचा टप्पा संगणक व्यवसायातला. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातील सेबॅस्टोपोल या गावी ओरायली या प्रकाशनसंस्थेने निमंत्रितांचा एक मेळावा भरविला. पाहुणे संस्थेच्या आवारात तंबू ठोकून राहिले आणि कार्यक्रम त्यांनीच आखला. पण निमंत्रण आले की निमंत्रण न आलेलेही आलेच. 2005 च्या ऑगस्टमध्ये, जेमतेम आठवड्याभराच्या तयारीवर, अशाच काही मंडळींनी पालो आल्टो येथे सर्वांना खुला असलेला ‘बारकँप’ भरविला. पुढील वर्षी, म्हणजे 2006 मध्ये, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूर येथे तसे मेळावे झाले.

या हकिकतीत सर्वांत विचार करण्याजोगा भाग शिक्षकांचा आहे. 2006 मध्येच स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे काही शिक्षक जमले आणि ‘टीचमीट’ नावाची प्रथा सुरू झाली. ज्याने वर्गात काही करून पाहिले असेल, त्याने सात मिनिटांत किंवा दोन मिनिटांत सांगावे. व्याख्यान देऊ नये. वेळ ओलांडणाऱ्या वक्त्याच्या अंगावर कापडी उंट फेकण्याचीही गमतीदार चाल काही मेळाव्यांत पडली. हा उंट आपल्याकडच्या काही सभांना उसना आणता आला, तर कितीतरी श्रोते दुवा देतील.

फिलाडेल्फिया शहरात 2009 मध्ये बारकँपला गेलेल्या काही शिक्षकांची तेथे ओळख झाली आणि हे आपल्या व्यवसायात का असू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. 22 मे 2010 रोजी, शनिवारी, ड्रेक्सेल विद्यापीठात पहिला ‘एडकँप’ भरला. प्रवेशशुल्क नाही, पाठ्यपुस्तके किंवा यंत्रे खपविणाऱ्या कंपन्यांची दुकाने नाहीत, सकाळी कोरा फलक, आणि ज्याला बोलावयाचे त्याने चौकोन भरावा. वरिष्ठांचा हुकूम म्हणून कोणी आलेले नव्हते. सुटीचा दिवस खर्चून माणसे आली होती. पुढील काही वर्षांत अमेरिकेत आणि बाहेरही असे शेकडो मेळावे झाले. शिक्षकाला शिकण्याची इच्छा नसते, असे जे म्हटले जाते, त्याला हे उत्तर पुरेसे आहे. इच्छा असते, दुसऱ्याने ठरविलेला विषय, दुसऱ्याने ठरविलेल्या दिवशी, दुसऱ्याच्या वेगाने शिकण्याची ती नसते, एवढेच.

आता आपल्या बाजूस वळून पाहावे. दोन शिक्षकांच्या प्राथमिक शाळेतली एखादी बाई डोळ्यांपुढे आणावी. एका खोलीत पहिली आणि दुसरीची मुले आहेत. दुसरीला हातच्याची बेरीज समजावून देताना पहिलीच्या मुलांना अर्धा तास कशात गुंतवावे, हा त्या बाईचा रोजचा प्रश्न. गोव्यात तिच्यासमोरची मुले घरी कोंकणी बोलून मराठी शाळेत आलेली असतात; बेळगाव भागात एका बाकावर मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांतली मुले असू शकतात; आणि इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत मराठी शिकविणारा शिक्षक बहुधा आपल्या शाळेत एकटाच असतो. मूल घरच्या शब्दाने उत्तर देते; उत्तर बरोबर, शब्द परका. त्याला चूक द्यावी की शाबासकी? कोणत्याही परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा प्रश्न सापडणार नाही. पत्रिकेत ‘बहुभाषिकता : आव्हाने आणि संधी’ असा भारदस्त विषय सापडेल आणि त्यावर बोलणाऱ्या विद्वानाने वर्गात पाऊल ठेवून पुष्कळ वर्षे लोटलेली असतील. बाईचा प्रश्न लहान आहे म्हणून तो वगळला जात नाही. तो विचारण्यासाठी जागाच ठेवलेली नसते, म्हणून तो राहून जातो. कोऱ्या भिंतीवर मात्र त्याला विद्वानाच्या विषयाइतकाच चौकोन मिळतो, आणि त्या चौकोनापाशी तिला आणखी चारजणी भेटतात, ज्यांना वाटत होते की ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे.

भारतात ऑगस्ट 2019 मध्ये ‘निष्ठा’ या नावाने शिक्षक-प्रशिक्षणाची फार मोठी योजना सुरू झाली. प्राथमिक स्तरावरील सुमारे 42 लक्ष शिक्षक व मुख्याध्यापकांपर्यंत ती पोचवावयाची होती. एवढ्या संख्येपर्यंत पोचावयाचे तर वरून खाली, पायरीपायरीने जाणेच भाग असते : राष्ट्रीय पातळीवरचे तज्ज्ञ राज्यातल्या निवडक लोकांना शिकवितात आणि ते शिक्षकांना. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत येताना किती उरते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यानंतर 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने असे म्हटले की, प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी निदान 50 तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. खरा प्रश्न येथेच आहे. हे 50 तास कोणाच्या मालकीचे? ते सगळेच वरून आखून आले, तर दर वर्षी 50 तास खुर्चीवर बसण्याची त्यात भर पडेल. त्यांतले दहा तास जरी शिक्षकांनी स्वतः ठरवावयाचे म्हणून मोकळे सोडले, तरी केंद्राकेंद्रांतून निघणारे प्रश्न काय असतात, हे धोरण आखणाऱ्यांनाही पहिल्याने कळेल. राजस्थानातील सिरोही आणि टोंक या जिल्ह्यांत अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने ‘स्वैच्छिक शिक्षक मंच’ चालविले गेले; तेथे शिक्षक शाळेच्या वेळेबाहेर, कोणाच्याही आदेशाशिवाय, एकत्र आले. मग ही गोष्ट आपल्या मातीत रुजणार नाही, असे म्हणण्यास आधार राहत नाही.

तथापि व्यासपीठ मोडून सरपणाला लावावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. 1900 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तीत गटिंगेनचे प्राध्यापक डेव्हिड हिल्बर्ट यांनी व्यासपीठावर उभे राहून एक भाषण केले आणि न सुटलेले दहा प्रश्न मांडले. छापील निबंधात ते 23 होते. त्या प्रश्नांनी पुढच्या शतकातील गणिताला मोठीच दिशा दिली. असे भाषण सकाळी भिंतीवर कागद लावून संध्याकाळी होत नाही. त्यामागे दीर्घ एकांत असतो, आणि ऐकणाऱ्याने तासभर गप्प बसणे हीच तेथे योग्य गोष्ट असते. शिवाय चार माणसे वर्तुळात बसली आणि चौघांनाही विषय ठाऊक नसला, तर वर्तुळ गोल आहे म्हणून ज्ञान उत्पन्न होत नाही. वाचन कसे शिकवावे, याविषयी जगात पुष्कळ संशोधन झालेले आहे. ते बाजूला सारून केवळ एकमेकांच्या अनुभवावर विसंबले, तर एकाची चुकीची सवय दहाजणांना लागावयाची. अशा वेळी जाणकार माणूस हवाच. फक्त त्याने व्यासपीठावरून खाली उतरून वर्तुळात बसावे आणि विचारल्यावर बोलावे.

याहून गंभीर दोष दुसरा आहे. जे आले तेच योग्य लोक, असे ओवेन यांच्या पद्धतीचे एक तत्त्व आहे. आलेल्या लोकांचा उत्साह राखण्यासाठी ते चांगले; पण जे आले नाहीत, त्यांचे काय? महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाला जुने उदाहरण आहे. 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा झाली. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. सर्वसामान्यांचे मानवी हक्क जे प्रत्यक्ष व्यवहारात मानीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, अशी त्या पत्राची भूमिका होती. सभेचे दार उघडे होते, निमंत्रणही होते. परंतु सभेचा विषय आधीच एका वर्गाच्या घरात ठरलेला होता. गावच्या पाराचे कौतुक करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. पारावर सगळे सारख्या उंचीवर बसत, हे खरे. पण त्या ‘सगळ्यां’त स्त्रिया नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेले लोकही नव्हते. शनिवारी सकाळी दहा वाजता दूरच्या शहरात भरलेल्या खुल्या मेळाव्यालाही कोण येऊ शकत नाही, याची यादी आधी करावी लागते : दोन बस बदलून येणारा वस्तीशाळेचा शिक्षक, घरी आजारी सासू असलेली बाई, रजेवर तुटपुंजा पगार कापला जाणारा कंत्राटी शिक्षक.

आलेल्यांतही सगळे बोलतात, असे नाही. मुख्याध्यापक पहिल्या खुर्चीवर बसलेले असताना ‘शाळेत विनाकारण होणारे कागदकाम’ असा कागद भिंतीवर लावण्याचे धैर्य नवख्या शिक्षकाला कोठून यावे? आणि ज्याचा आवाज मोठा, त्याची चर्चा मोठी, हेही वर्तुळात सहज घडते. व्यासपीठावरच्या वक्त्याला निदान घंटा वाजवून थांबविता तरी येते. या बाबतीत धर्मसंस्थांचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे की, महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्व बांधवांना बोलवावे, कारण अधिक चांगले मत पुष्कळदा धाकट्याला सुचते. निर्णय अर्थात मठाधिपतीचाच राही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रोम येथे कॅथलिक चर्चची धर्मसभा भरली, तेव्हा कार्डिनल, बिशप, संन्यासिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल मेजांभोवती एकत्र बसले होते, आणि अशा सभेत स्त्रियांना प्रथमच मताचा अधिकार होता. तेथील रीत अशी की, प्रत्येकाने पाळीपाळीने बोलावयाचे. मग काही वेळ सर्वांनी स्तब्ध राहावयाचे. त्यानंतर स्वतःचे मत पुन्हा मांडण्याऐवजी दुसऱ्याच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले, ते सांगावयाचे. आणि चर्चा त्याच्या पुढची. विषय मात्र आधी ठरलेले होते, म्हणून ती बिनव्यासपीठाची परिषद नव्हे. परंतु पाळी आणि मौन या दोन गोष्टी तिच्याकडून घेण्याजोग्या आहेत. त्या घेतल्या, तर बोलक्याला थांबावे लागते आणि अबोलाला वाट मिळते.

कोणाला प्रयोग करून पाहावयाचा असेल, तर त्यासाठी विद्यापीठाचे सभागृह लागत नाही. शिक्षकांच्या मासिक बैठका भरतातच. त्यांतल्या एका बैठकीत परिपत्रकांचे वाचन अर्ध्या तासात आटोपावे आणि उरलेला वेळ मोकळा ठेवावा. फळ्यावर खडूने चौकोन आखावेत. विषय कागदावर लिहून आधी एका डब्यात टाकण्याची मुभा असावी, म्हणजे नाव न सांगताही प्रश्न भिंतीवर येईल. फक्त तो चर्चेला घेण्याची तयारी दुसऱ्या कोणीतरी दाखवावी लागेल. दोन प्रश्न सारखे निघाले, तर लिहिणाऱ्यांच्या संमतीने ते एकत्र करावेत. वरिष्ठांनी यावे, पण पहिल्या फेरीत बोलू नये. खोलीतून उठून जाण्याची परवानगी आरंभीच मोठ्याने जाहीर करावी, कारण आपल्याकडे ती गृहीत धरली जात नाही. चहाची वेळ ठरवू नये; किटली व्हरांड्यात असावी. हजेरीपत्रक हवेच असेल, तर ते आरंभी एकदाच फिरवावे. आणि प्रत्येक चौकोनातून एक पानभर टिपण निघून पुढच्या बैठकीत वाचले जावे, नाहीतर सगळे बोलणे हवेत जाईल. पहिल्या खेपेस एकही कागद लागला नाही, तर घाबरून कोणी भाषण सुरू करू नये. काही मिनिटे शांत बसावे. पहिल्या वेळेला दोन खोल्या आणि दोन तास एवढे पुरे.